मामाची बिनलाटेची बोट

...आणि वर हे लोक सांगतात, पाणी मऊ असतं. कोण सांगतं? ज्याने पाण्यात फक्त करंगळी बुडवून बघितलीय, तो सांगतो. तुम्हाला सांगते, मला वाटलं होतं काय आणि निघालं काय... मला वाटलं होतं, बोट पुढे, दोरी हातात, पायाखाली फळी, केस वाऱ्यावर, लाट आली की अलगद वर जायचं, आभाळात जरा थांबायचं, खाली बघून हसायचं आणि पिसासारखं उतरायचं. निघालं काय, तर नाकात तळं. डोळ्यांत तळं. कानांत तर इतकं तळं की कूस बदलली की उशी ओली. केस वाऱ्यावर कुठले, केस हेल्मेटमध्ये. आणि अलगद हा शब्द ज्या कुणी शोधून काढला ना, त्याला एकदा मामाच्या बोटीमागे बांधायला हवा.

थांबा, नीट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही मुलगी डोक्यावर पडली. डोक्यावर पण पडलेय, तो भाग पुढे येईल.

तर त्याला म्हणतात वेकबोर्डिंग. एक फळी असते, तिच्यावर बूट बसवलेले असतात. त्यात पाय घालून घट्ट आवळायचे, मग पाण्यात मागे रेलायचं, गुडघे छातीशी, हात सरळ, हातात दोरीचा दांडा. बोट ओढते आणि आपण उभे राहतो. आता बोट पळायला लागली की तिच्यामागे दोन्ही बाजूंना लाट उठते, शेतातल्या वरंब्यासारखी, उतरती. त्या लाटेच्या बाहेर जायचं, वळायचं, फळीची कड पाण्यात रुतवत रुतवत लाटेकडे यायचं, हळूहळू जोर वाढवायचा, आणि लाटेच्या माथ्यावर आलं की उडी... नाही मारायची. सगळे इथेच चुकतात. उडी मारायचीच नाही. नुसतं ताठ उभं राहायचं. बाकी काय ते लाट करते. दोरीचा दांडा कमरेशी, नजर समोरच्या काठावर, उतरताना गुडघे सैल.

एवढं पाठ आहे मला. कुठे शिकले? वाचनालयात.

हसू नका. मी बाहेर शिकायला होते ना, फार लांब, शहरं कशी वसवावीत ते शिकायला, तर तिथल्या वाचनालयाच्या खिडकीतून एक तळं दिसायचं. माझ्यासमोर सांडपाण्याच्या निचऱ्याचा धडा, आणि खिडकीत रोज संध्याकाळी एक मुलगी हवेत. मी धड्याचं पान उलटायची, ती हवेत. मी ओळीखाली रेघ मारायची, ती परत हवेत. कोण होती, काय नाव, काही ठाऊक नाही. पण मला तेव्हाच वाटलं, शहर बांधायचं तर असं बांधावं, की जिथे कामावरून घरी जाताना माणसाला थोडा वेळ हवेत राहता येईल. असं मी प्रबंधात लिहिलंसुद्धा. सरांनी बाजूला प्रश्नचिन्ह काढलं. काढू दे. मी ठरवलं, परत जायचं, आपल्या तळ्यावर जायचं, आणि सगळ्यांना हवेत न्यायचं.

परत आले, तर तळ्यावर पूल.

म्हणजे पुरा नाही, पण आता मधला एक तुकडा जोडायचा तेवढा राहिलेला. आमचं तळं लांबलचक आहे. ह्या काठाला घरं, त्या काठाला कचेऱ्या, दवाखाने, दुकानं, आणि वळसा घालून जायचं तर दुपार होते. म्हणून सगळी माणसं फेरीबोटीने कामाला जातात. आणि ती बोट चालवतो माझा मामा. आईचा भाऊ. साठीला आलाय, पण अजून बोटीच्या कठड्यावरून असा चालतो की जसं आपण ओट्यापासून टेबलापर्यंत चालावं.

आता मामाबद्दल एक गोष्ट तुम्हाला माहीत हवी. मामाच्या बोटीला लाट नाही. खरंच सांगते. सुकाणूपाशी एक लहानसं फळकूट आहे, त्याच्यावर काचेचा ग्लास, काठोकाठ भरलेला. बोट ह्या धक्क्यावरून सुटते, त्या धक्क्याला लागते, आणि ग्लासातलं पाणी जागचं हलत नाही. तोच त्याचा मान आणि तोच त्याचा हट्ट. इंजिन चांगलं दमाचं आहे, पण मामाने ते निम्म्याच्या वर कधी नेलंच नाही. उतारूंनी पुढच्या बाकांवर बसायचं, मागे कुणीही जायचं नाही, मागे वजन गेलं की बोट ढुंगण टेकते आणि पाणी उसळतं, हा त्याचा नियम. त्यामुळे मामाच्या बोटीत दातांच्या डॉक्टरीणबाई काजळ घालतात. टेलरकाका सुईत दोरा ओवतात. पोस्टातल्या काकू तर ह्या काठाला डोळे मिटतात ते त्या काठाला उघडतात, तेही मामाने हाक मारली तर.

लहानपणी मी विचारलं होतं, मामा, आणि सांडला तर? मामा म्हणाला होता, "ज्या दिवशी हा सांडेल त्या दिवशी बोटीची किल्ली खाली ठेवीन." सगळ्या बोटीसमोर म्हणाला होता, आणि सगळ्या बोटीने मान हलवली होती.

आता मला सांगा. जगात एवढे बोटवाले. त्यातल्या कुणाच्याही मागे फळी बांधली असती, तर लाट फुकट मिळाली असती. आणि माझ्या वाट्याला कोण आला? लाट न उठू देणारा.

पण सोय काय होती दुसरी? पूल सुरू झाला की फेरी बंद, आणि फेरी बंद झाली की बोट भंगारात. मामा घरी यायचा तेव्हा चहा पितापिता कप बशीत मधोमध सरकवत बसायचा, उगाच. मला बघवेना. म्हणून एके दिवशी सकाळच्या फेरीला मी उठले आणि फेरीखात्याच्या साहेबांसमोर भाषण केलं. साहेब रोज त्याच बोटीने जातात, मांडीवर बॅग उभी धरून. मी म्हटलं, साहेब, पूल माणसाला पाण्यावरून नेतो, पाण्यापर्यंत नेत नाही. ही बोट ठेवा. इथे आपण वेकबोर्डिंगची शाळा काढू. लहान, मोठे, बायका, पुरुष, सगळे हवेत जातील.

साहेबांनी शांतपणे ऐकलं. "म्हणजे बोट ओढणार आणि माणूस उडणार."

"हो."

"उडून कुठे जाणार?"

"कुठे नाही. परत खाली."

"मग उडायचं कशाला?"

ह्याला माझ्याकडे चांगलं उत्तर होतं, पण ते प्रबंधाच्या भाषेत होतं. साहेब म्हणाले, "हे बघा, आमच्या खात्यात ह्या कामाला रकाना नाही. पण तुमच्या मामांची बोट भंगारात जावी असं मलाही वाटत नाही. गुरुवारी ह्याच फेरीला मला उडून दाखवा. डोळ्यांनी दिसलं, तर बोट ठेवावी असा शेरा मारतो. नाही दिसलं, तर पूल आहे."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई काजळाची डबी मिटत म्हणाल्या, "अगं पण तुला येतं का?"

मी म्हटलं, येतं म्हणजे... येईल.

आणि मामा? मामाला मी आधी विचारायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. आई तर अजून म्हणते. मामाने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. फक्त म्हणाला, "हळू बोल गं. पोस्टातल्या काकू झोपल्यात."

तर सुरू झाला आमचा सराव. दुपारी बोट रिकामी असते तेव्हा. पहिल्या दिवशी मी बूट आवळले, पाण्यात रेलले, गुडघे छातीशी घेतले आणि ओरडले, मामा, ओढ. बोट निघाली. आणि मी आपली पाण्यात आडवी. बोट पुढे, मी मागे, वाहत आलेल्या ओंडक्यासारखी. तळ्याचा मध्य आला तरी मी आडवीच.

"मामा, वेग वाढव ना."

"वाढवलाय."

"कुठे वाढवलायस?"

"ग्लासाला कळला. तुला नाही कळला?"

पण करता करता त्याने वेगाचा दांडा पुढे ढकलला, आणि एका दुपारी काय झालं कळलं नाही, पाणी पायांखाली कठीण झालं आणि मी उभी होते. उभी, तुम्हाला सांगते, तळ्यावर. ऊन पाण्यावर सांडलेलं, फळीखालून सळसळ असा आवाज, दोन्ही काठ हळूहळू मागे चाललेले, जसं कुणीतरी झोपेत पांघरूण ओढून घेतंय. मला वाटलं, आता ह्याच्यापुढे काही नाही झालं तरी चालेल. मग आठवलं, गुरुवार.

म्हणून बोटीमागे बघितलं, लाट कुठे आहे. आणि लाट कुठे होती? मामाने वेग वाढवला होता, पण वाळूची पोती आणून बोटीच्या नाकाशी रचली होती, सगळं वजन पुढे, मागचं पाणी इस्त्री केलेल्या चादरीसारखं सपाट. आता तिकडचा एक वेकबोर्डिंग शिकवणारा होता, ज्याचे व्हिडिओ मी वाचनालयात बसून बघायची, तो काय म्हणायचा? कसा बोलायचा माहितीय, जणू बाळाला झोपवतोय... "घाई करू नका. लाट तुम्हाला उचलेल. तुम्ही फक्त उभे राहा." अरे बाबा, उभी आहे. मघापासून उभी आहे. लाट कुठली उचलणार? ह्या बोटीची लाट म्हणजे बशीतला चहा.

मग मी सपाट पाण्यावरच उडायचं ठरवलं. तेही करतात म्हणे, मागच्या पायावर दाब द्यायचा आणि उसळायचं. मी दाब दिला. मी उसळले. बेडकासारखी. म्हणजे बेडूक बघितला असता तर त्याने मान फिरवली असती. खाली येताना दोरी छातीशी ओढली, जे कधीच करायचं नसतं, खाली बघितलं, जे अजिबातच करायचं नसतं, आणि गेले डोक्यावर.

पण तुम्हाला सांगते, पाण्याखाली फार बरं वाटतं.

वर काय कल्लोळ असतो, इंजिन, दोरी, मामा, साहेब, पूल, आई. खाली सगळं हिरवं. फिकट हिरवं, कच्च्या पेरूच्या सालीसारखं. वरून उन्हाचे पट्टे उतरलेले असतात आणि ते सावकाश हलत असतात, कुणाला काही सांगायचं नसल्यासारखे. इंजिन कुठेतरी लांब, शेजारच्या घरातल्या शिवणयंत्रासारखं. आपलेच बुडबुडे आपल्याआधी वर निघतात. कुणी विचारत नाही, एवढी शिकलीस, आता पुढे काय ठरवलंयस. मग अंगातलं तरंगतं जॅकेट तुम्हाला वर ओढतं, तुमची इच्छा असो नसो, आणि डोकं बाहेर येतं, आणि मामा कठड्यावरून वाकून विचारतो, "लागलं का गं?"

आणि त्याचं दुसरं. मी जरा डगमगले रे डगमगले की मामा वेग कमी करायचा. मायेने. आता माया चांगलीच, पण वेकबोर्डिंगमध्ये मायेइतकं वाईट काही नाही. वेग कमी झाला की दोरी ढिली पडते, आणि दोरी ढिली पडली की सावरणारा माणूससुद्धा बुडतो. उभं राहूच शकत नाही. मी काकुळतीला आले.

"मामा, मी डगमगले तरी वेग कमी करू नकोस."

"नाही करत."

"आत्ता केलास."

"मी नाही केला. हाताने केला."

दुसऱ्या दिवशी परत तेच. मी सावरतेय, गुडघे वाकवतेय, आता जमतंय, जमतंय... आणि दोरी ढिली. मी परत हिरव्यात.

घरी आई वेगळी. टॉवेल दोरीवर टाकता टाकता म्हणायची, "बाहेर जाऊन शिकून आली आणि काय शिकली, तर पडायला. ते इथेही आलं असतं की." मी म्हणायची, आई, हे सगळं मामासाठी चाललंय. आई म्हणायची, "मामासाठी? त्याने सांगितलं होतं? तो आयुष्यभर पाणी हलू नये म्हणून जपतोय आणि तू म्हणतेस, मामा, तुझ्यासाठी पाणी हलव." आई अशी कधीकधी बरोबर बोलते आणि लगेच वर विचारते, जेवणार का, त्यामुळे आपल्याला धड रागावताही येत नाही.

बुधवारी शेवटचा सराव. मी मामाला म्हटलं, मामा, उद्या एकदाच. एकच लाट दे. मामा ग्लास पुसत होता. म्हणाला, "जेवढी देता येईल तेवढी देतो." पुसलेला ग्लास परत पुसला. म्हटलं, संपलं. त्याला देता येते तेवढी म्हणजे किती, ते मला ठाऊक होतं.

गुरुवार उजाडला. तळं असं पडलेलं, नुकत्याच पुसलेल्या फरशीसारखं. धक्क्यावर रोजचीच मंडळी. टेलरकाकांच्या हातात कुणाचा तरी कोट. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दात घट्ट मिटून ठेव, नाहीतर पडताना जिभेवर येतात." पोस्टातल्या काकू नेहमीच्या जागी बसल्या आणि झोपल्या. साहेब बॅग उभी धरून. मामाने सगळ्यांना पुढच्या बाकांवर बसवलं, ग्लास काठोकाठ भरला, बोटाने वरचा फुगलेला थेंब टिपला, आणि निघालो.

उभी राहिले. वेग बरा होता, मामाने शब्द पाळला होता, पण मागे पाणी सपाटच. मी बाहेर गेले, वळले, परत आले, उडायला काही नाही. परत बाहेर गेले. मनात म्हटलं, पूल जवळ यायला लागला, आता काठ येईल, साहेब उतरतील, बोट जाईल.

आणि तेवढ्यात डॉक्टरीणबाई उठल्या.

म्हणजे साधं कारण. पुढच्या बाकावरून त्यांना मी दिसत नव्हते. "बघू तरी," म्हणून त्या मागे आल्या. त्यांच्यामागे टेलरकाका, कोटासकट. मग साहेब, कारण डोळ्यांनी बघायचं होतं ना. मग बाकीचे. मामा ओरडतोय, "पुढे बसा, सगळ्यांनी पुढे बसा," कोण ऐकतंय? एवढ्या वर्षांत त्या बोटीत बघण्यासारखं काही घडलंच नव्हतं. आणि सगळ्यात शेवटी, तुमचा विश्वास बसणार नाही, पोस्टातल्या काकू जाग्या झाल्या. हाक न मारता. उठल्या आणि मागे आल्या, चांगल्या भरल्या अंगाच्या बाई... आणि बोट टेकली.

बोटीमागून लाट उठली.

मी बघतच राहिले. हिरवी, गुळगुळीत, माथ्यावर ऊन. उतारूंची लाट ती. टेलरकाकांची, डॉक्टरीणबाईंची, काकूंची सगळ्यात जास्त. मी कड रुतवली, जोर वाढवत वाढवत आले, दांडा कमरेशी, आणि माथ्यावर पोचले तेव्हा पहिल्यांदाच मला काही करावंसं वाटलं नाही, उडावंसं नाही, दाखवावंसं नाही, मी फक्त ताठ उभी राहिले, रांगेत उभं राहतात तशी, आणि फळीखालून सगळा आवाज गेला. सळसळ थांबली. तेवढंच. म्हणजे उडणं म्हणजे काय विचाराल, तर आवाज जाणं. पाणी खाली होतं आणि माझं नव्हतं. पूल दिसला, त्याचा तो मधला न जोडलेला तुकडा, आणि त्या फटीतून पलीकडचं आभाळ. कठड्यावर सगळी तोंडं उघडी, जशी डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत असावीत. टेलरकाकांच्या हातातला कोट, बाह्या वाऱ्यावर. लांब कुठेतरी त्या वाचनालयाच्या खिडकीत कुणीतरी पान उलटत असेल, असंही वाटून गेलं. आणि पुढे, सगळ्यांच्या पलीकडे, मामाची पाठ. एकटा तोच माझ्याकडे बघत नव्हता. तो ग्लासाकडे बघत होता.

मग मी खाली बघितलं. खाली बघायचं नसतं, सांगितलं ना मघाशी.

पण तुम्हाला सांगते, पाण्याखाली फार बरं वाटतं. त्या दिवशी तर मी जरा जास्तच राहिले. मनात म्हटलं, झालं, बोट वाचली. उन्हाचे पट्टे हलत होते. हळूहळू लक्षात आलं, शिवणयंत्राचा आवाज बंद झालाय.

वर आले. बोट थांबली होती. पोस्टातल्या काकू कठडा धरून चहूकडे बघत होत्या. "अगंबाई, हे तळं एवढं मोठं आहे?" डॉक्टरीणबाईंनी आधी माझे दात मोजले, मग मला वर घेतलं. साहेब चिंब, बॅगेतून पाणी गळतंय, चष्मा काढून पुसतायत. मी म्हटलं, साहेब, दिसलं?

"खरं सांगू का," साहेब म्हणाले, "तुम्ही वर गेलात त्याच वेळी माझ्या चष्म्यावर पाणी आलं. मला काही दिसलं नाही. पण ह्या बाई गेली कित्येक वर्षं माझ्याशेजारी झोपतात, त्या जाग्या झाल्या. एवढा पुरावा मला पुरे आहे. बोट ठेवा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मी मामाकडे बघितलं.

ग्लास फळकुटावर नव्हता. घरंगळून बाकाखाली गेला होता, फुटला नव्हता. मामा वाकला, त्याने तो उचलला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि फळकुटावर पालथा ठेवला. टाळ्या आपोआप थांबल्या. त्याने बोट त्या काठाला लावली, अगदी तशीच, न कळता. सगळे एकेक करून उतरले. मग मामाने इंजिनाची किल्ली काढली आणि माझ्या ओल्या हातात ठेवली.

"मामा, ग्लास मी सांडला. तू नाही."

"बोट कोण चालवत होतं?"

"अरे पण बोट राहिली. साहेब हो म्हणाले. आता तूच नाहीस तर..."

"परवाना आहे ना तुझ्याकडे? मीच काढायला लावला होता सुट्टीत." आणि उरलेल्या फेऱ्या मला चालवायला लावून तो दिवस त्याने उतारूसारखा काढला.

आता ह्याला काय म्हणायचं? मी बोट वाचवली कुणासाठी? ज्याच्यासाठी वाचवली, तोच उतरून गेला. संध्याकाळी घरी आले, किल्ली टेबलावर ठेवली. आई किल्लीकडे बघून म्हणाली, "उडालीस म्हणे." मी म्हटलं, हो. "मग? कसं वाटलं?" आणि मी रडायलाच लागले. आईने ताट वाढलं. मामाचंही वाढलं, झाकून ठेवलं. तो आला नाही.

सकाळी किल्ली परत द्यायची असं ठरवून मी धक्क्यावर गेले. वाक्यं तयार करून गेले होते, चांगली चार वाक्यं. आणि बघते तर काय, उतारूंच्या रांगेत मामा. भांग पाडलेला, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, आणि सदऱ्यावर माझं जॅकेट, बंद चुकीच्या कडीत अडकवलेला.

"फळी कुठाय?" मामा म्हणाला.

"मामा?"

"इतकी वर्षं ह्या तळ्यावर आहे. एकदा भिजलो नाही." मग इकडेतिकडे बघत, "तू रोज पडायचीस आणि वर यायचीस तेव्हा हसत यायचीस. मी विचार करायचो, लागलं का हे विचारतोय आणि ही हसतेय. खाली आहे काय?"

"तुला पोहता येतं?"

"बोटवाल्याला कशाला..." मग म्हणाला, "येतं, येतं. लहानपणी यायचं."

माझी चार वाक्यं गेली. डॉक्टरीणबाईंनी त्याचा बंद नीट कडीत घातला. टेलरकाका म्हणाले, पायजमा वर धरू नका, टाके उसवतील. आणि बोटीत चढल्यावर कुणी न सांगता सगळे मागच्या बाकांवर जाऊन बसले. पोस्टातल्या काकू मधोमध, टक्क जाग्या.

मी सुकाणूपाशी उभी राहिले. ग्लास पालथाच होता. तो मी सुलटा केला, भरला. काठोकाठ. का भरला, मला विचारू नका.

मामा पहिल्याच ओढीला उभा राहिला. म्हणजे मी किती दिवस ओंडका होते, आणि हा असा उभा, जणू कठड्यावरून चालत मागे गेला आणि तसाच पाण्यावर उतरला. डोक्यावरचा भांगसुद्धा मोडला नाही. सगळे ओरडले, लाट उठली, ग्लास सांडला, कुणी बघितलं नाही. मामा लाटेकडे आला. आणि डगमगला. एक हात हवेत, गुडघे हे असे. मागून आवाज आला, "कमी करू नकोस गं."

मला सगळं पाठ आहे. दोरी ढिली पडली की माणूस बुडतो. वेकबोर्डिंगमध्ये मायेइतकं वाईट काही नाही. मीच सांगितलं ना तुम्हाला मघाशी?

मी नाही केला कमी. हाताने केला.

मामा गेला खाली. बोट थांबवली. सगळे कठड्यावर वाकलेले. पाणी हललं, मग हलायचं थांबलं. टेलरकाकांनी घड्याळ बघितलं, आणि मग बघितलं नाही असं दाखवलं. मला तर ते हिरवं दिसत होतं, पट्टे दिसत होते, मी मनात म्हणत होते, जरा थांबा, लगेच वर नका ओढू त्याला... आणि डोकं वर आलं. भांग पार मोडलेला, मिशीतून पाणी, आणि तोंडभर हसू. मी वाकून विचारलं, "लागलं का रे?"

"अगं," मामा म्हणाला, "खाली बरं आहे."

आणि म्हणाला, परत एकदा.

सगळे कामावर उशिरा पोचले. साहेबसुद्धा. म्हणून मी त्याच सकाळी, त्या काठाला बोट लावता लावता, धक्का देऊन लावली बरं का, ठरवून टाकलं. ज्यांना वेळेवर पोचायचंय त्यांच्यासाठी पूल होतोच आहे. आपली बोट उद्यापासून अर्धा तास आधी सुटणार. काय करणार... पडायला वेळ लागतो.